नियम पाळण्याचा खर्च कोणाचा?

एप्रिल-मे २०२०. पुण्या-मुंबईहून माणसे गावाकडे परतत होती. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसमध्ये आणि आसपासच्या गावांतही तेच चित्र होते. परत आलेल्या प्रत्येकासाठी नियम एकच होता : चौदा दिवस वेगळे राहायचे, कोणात मिसळायचे नाही.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणावीत. एका घराला शेत आहे, शेतात आखाडा आहे. आखाड्यावर बाज आहे, मोटारीचे पाणी आहे आणि दोन वेळचा डबा घरून येतो. दुसरे घर पत्र्याच्या एका खोलीचे. खोलीत सहा माणसे, नळ चार घरांत मिळून एक आणि चूल रोजच्या मजुरीवर पेटणारी. पहिल्या घरातल्या माणसाला चौदा दिवस म्हणजे कंटाळा. दुसऱ्या घरातल्या माणसाला चौदा दिवस म्हणजे चौदा दिवसांची मजुरी. कागदावर नियम सारखाच होता, पण तो पाळण्याची किंमत सारखी नव्हती. पहिला माणूस ‘शहाणा नागरिक’ ठरला. दुसरा पाचव्या-सहाव्या दिवशी कामावर गेला आणि ‘बेजबाबदार’ ठरला.

कोरोनाच्या साथीत कोणत्या देशाने काय केले, कोण चुकले, कोण बरोबर होते, हा वाद अजून संपलेला नाही. कोणी स्वीडनचे उदाहरण देतो, कोणी न्यूझीलंडचे. टाळेबंदी हवी होती की नको होती, या एकाच प्रश्नाभोवती सगळी चर्चा फिरते. देशांची तुलना करताना बहुतेक वेळा एकच मोजपट्टी वापरली जाते : नियम किती कडक होते? साथीच्या शास्त्राच्या दृष्टीने त्याहून मोलाचा एक प्रश्न बाजूला राहतो : नियम पाळणाऱ्याचा खर्च कोणी उचलला?

पेरूचा धडा

केवळ कडकपणाने साथ आटोक्यात येत असती, तर दक्षिण अमेरिकेतला पेरू हा देश सर्वांत सुरक्षित ठरला असता. १६ मार्च २०२० पासून, म्हणजे भारताच्याही आधी, तिथे देशभर टाळेबंदी लागू झाली. रात्रीची संचारबंदी होती, रस्त्यावर लष्कर होते. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मृत्यू झालेल्या देशांत पेरूचे नाव अगदी वर आहे. ३१ मे २०२१ रोजी तिथल्या सरकारने मृतांचा आकडा नव्याने तपासून जाहीर केला. तो सुमारे ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर गेला. पेरूची लोकसंख्या आहे साधारण सव्वातीन कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाव हिस्सा.

असे का झाले? दवाखान्यांत प्राणवायू आणि अतिदक्षता खाटा कमी होत्या, हे एक कारण. दुसरे कारण मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. तिथले दहापैकी जवळपास सात कामगार असंघटित क्षेत्रातले. काम केले तर पैसे, नाही तर नाही. जवळपास निम्म्या घरांत फ्रीज नव्हता, त्यामुळे भाजीपाला आणायला पुन्हा पुन्हा बाजारात जावेच लागे. राजधानी लिमातल्या बाजारांत तपासण्या केल्या, तेव्हा मोठ्या संख्येने विक्रेते बाधित निघाले. सरकारने गरिबांना रोख मदत जाहीर केली, पण अनेकांची बँकेत खातीच नव्हती. ती मदत घ्यायला बँकांसमोर रांगा लागल्या आणि त्या रांगांतून विषाणू पसरला. गर्दी कमी करण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये पुरुषांनी आणि स्त्रियांनी वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडावे असा नियम काढण्यात आला. घरचा बाजारहाट बायकाच करतात, हे तो काढणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. बायकांच्या दिवशी बाजार अधिकच फुलले आणि आठवडाभरात नियम मागे घ्यावा लागला.

यातले काहीच आपल्याला परके नाही. जनधन खात्यांत महिना पाचशे रुपये जमा झाले, तेव्हा आपल्याकडेही बँकांसमोर रांगा लागल्या होत्या. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात किराणा दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवायचा आदेश निघाला. दिवसभराची गिऱ्हाइके चार तासांत कोंबली की गर्दी घटत नाही, दाटते. ताडकळसला कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, परिसरातल्या खेड्यांचा राबता आहे. अशा गावात बाजार बंद करण्याचा आदेश काढायला एक कागद पुरतो. पण बाजाराविना लोक जगणार कसे, याचे उत्तर त्या कागदावर नसते.

ज्यांना जमले, त्यांनी काय केले?

न्यूझीलंडची कडक टाळेबंदी २५ मार्च २०२० च्या मध्यरात्रीला लागू झाली. भारताचीही टाळेबंदी त्याच तारखेची. फरक तयारीत होता. न्यूझीलंडने २१ मार्चलाच चार टप्प्यांची पद्धत लोकांसमोर मांडली होती : कोणत्या टप्प्यात काय बंद, काय चालू. २३ मार्चला सांगितले की अठ्ठेचाळीस तासांनी चौथा टप्पा सुरू होईल. सोबत वेतन अनुदानाची योजना होती. मालकाने कामगाराला कामावरून काढू नये, यासाठी पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला सुमारे ५८५ न्यूझीलंड डॉलर सरकार मालकाला देत होते, सुरुवातीला बारा आठवडे. भारतात २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद झाला. मधे चार तास होते.

दक्षिण कोरियाने देशभर टाळेबंदी केलीच नाही. २०१५ मध्ये तिथे मर्स या विषाणूची साथ आली होती. १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू एवढ्यावर ती थांबली, पण सरकारने तिची दखल घेतली आणि कायदे बदलले. नव्या आजाराची तपासणी किट लवकर मंजूर व्हावीत आणि विलगीकरणात ठेवलेल्या माणसाला जगण्यापुरती मदत मिळावी, याची तरतूद आधीच झाली होती. २०२० मध्ये विलगीकरणात असलेल्यांच्या घरी खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या पेट्या पोहोचल्या आणि राहणीमान भत्ताही मिळाला. सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे निवासी उपचार केंद्रे बनली. तैवाननेही विलगीकरण मोडणाऱ्याला जबर दंड ठेवला, पण ते पाळणाऱ्याला दिवसाला एक हजार तैवानी डॉलर दिले.

या व्यवस्थांनाही दुसरी बाजू आहे. कोरियात रुग्ण कुठे-कुठे गेला होता याची माहिती जाहीर केली जायची. त्यातून काही लोकांची बदनामी झाली, खासगी आयुष्य उघड्यावर आले. ती पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही.

स्वीडनचे उदाहरण तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. तिथे सर्वसाधारण टाळेबंदी नव्हती, लहान मुलांच्या शाळा सुरू होत्या, हे खरे. तरी नियमच नव्हते असेही नाही. पन्नासहून अधिक लोकांच्या जमावाला मार्च २०२० च्या अखेरीस बंदी आली होती. पण मोठा फरक वेगळाच होता. आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापण्याची तिथली पद्धत सरकारने मार्च २०२० मध्येच स्थगित केली. पहिल्या दोन आठवड्यांसाठी डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचीही अट काढली. ‘सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा’ या सल्ल्यामागे पगाराची हमी होती. जिथे ही वीण उसवलेली होती, तिथे स्वीडनही चुकला. वृद्धांच्या निवासांत फार मृत्यू झाले आणि २०२० मध्ये नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या शेजाऱ्यांपेक्षा स्वीडनचे नुकसान जास्त झाले. तिथल्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० च्या अहवालात वृद्धसेवेच्या रचनेतल्या जुन्या उणिवांवर नेमके बोट ठेवले. कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांच्या नोकरीच्या अटी हा त्यातलाच भाग होता.

म्हणजे चार देशांचे नियम चार तऱ्हेचे. एकाने कडक टाळेबंदी केली, बाकीच्यांनी केली नाही. पण एक प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने विचारला होता : या माणसाने घरी थांबावे असे वाटत असेल, तर त्याला काय लागेल?

तुलनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. न्यूझीलंड हा बेटांचा देश आहे, लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. प्रत्येक देशाचे वयोमान वेगळे, घरांची दाटी वेगळी. मृत्यू मोजण्याच्या पद्धतीही सारख्या नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. त्यात थेट कोरोनाने झालेले आणि साथीच्या परिस्थितीमुळे झालेले, असे दोन्ही मृत्यू येतात. अधिकृत नोंद होती सुमारे ४ लाख ८१ हजारांची. भारत सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीलाच हरकत घेतली. आकड्यांवर एवढा वाद असताना देशांना पहिला-दुसरा क्रमांक देण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती गुणपत्रिकेसाठी करू नये. दुसऱ्याच्या अनुभवातून आपली व्यवस्था दुरुस्त करता येते का, एवढ्यासाठीच ती करावी.

आपल्याकडे काय झाले?

भारतात काहीच मदत झाली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर झाली. माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना, मधला काही काळ सोडला तर, डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. या धान्याने कोट्यवधी घरे तगली. पण शिधापत्रिका गावात आणि माणूस परगावी, अशी ज्यांची गत होती त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचले नाही.

मराठवाड्यातले ऊसतोड कामगार त्यांतलेच. मार्चमध्ये ते पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरात अडकले. कारखान्यांनी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करावी असे आदेश निघाले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. उशिरा का होईना, त्यांच्या वाट्याला काही व्यवस्था आली. जालन्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या मध्य प्रदेशच्या मजुरांच्या वाट्याला तीही आली नाही. घरी जाण्यासाठी ते रेल्वेमार्गाने चालत निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा जणांना मालगाडीने चिरडले. ‘आहात तिथेच थांबा’ हा नियम त्यांनी मोडला होता. थांबायला त्यांच्याजवळ काय होते, हे त्या नियमाने कधी विचारले नव्हते.

याचे मूळ कायद्यातही आहे. महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी लागू केला तो साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने घाईने केलेला हा अवघ्या चार कलमांचा कायदा. तेव्हा ताडकळस निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकार काय करू शकते, नियम मोडणाऱ्याला कोणती शिक्षा आणि अधिकाऱ्याला कोणते संरक्षण, हे त्यात आहे. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाला अन्न, औषध, मजुरी यांपैकी काय मिळेल, याबद्दल त्यात एक शब्द नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांबाबत. ती गरजेचीच होती, पण नागरिकाच्या हक्काची जागा रिकामीच राहिली. परिणामी राज्यात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच संचारबंदी मोडल्याचे एक लाखाहून अधिक गुन्हे दाखल झाले. पुढे २०२२ मध्ये असे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय सरकारलाच करावा लागला.

कोंबडीला जमते, माणसाला का नाही?

‘ते देश श्रीमंत आहेत, आपल्याला हे कसे परवडणार?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मग ठरलेली पद्धत सुरू झाली : एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करायचे, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. राष्ट्रीय आराखड्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मालकाला द्यायची, निम्मी केंद्राने आणि निम्मी राज्याने. ही काही दयाबुद्धी नाही. भरपाई नसेल तर कुक्कुटपालक मेलेल्या कोंबड्या लपवील, उरलेल्या घाईने विकून टाकील आणि साथ दहा गावांत पोहोचेल. आजार उघड करणाऱ्याचे नुकसान होता कामा नये, हा साथ रोखण्याचा पहिला नियम आहे. पशुसंवर्धन खात्याला तो ठाऊक आहे. क्षयरोग कार्यक्रमालाही ठाऊक आहे. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला पाचशे रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम हजार झाली. कोरोनाच्या मजूर रुग्णासाठी मात्र तसे काही लिहून ठेवलेले नव्हते.

दुसरे उदाहरण शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले. भोकर तालुक्यातले भोसी हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एका लग्नसमारंभानंतर तिथे रुग्ण सापडू लागले. गावात तपासणी शिबिर घेतले, तेव्हा ११९ जण बाधित निघाले. गावाने ठरवले की बाधितांनी पंधरा-वीस दिवस आपापल्या शेतात राहायचे. इथपर्यंत हा नियम फक्त शेतवाल्यांचा होता. पण ज्यांना शेतच नाही त्या मजुरांसाठी जिल्हा परिषद सदस्याच्या शेतात मोठी शेड उभी राहिली. जेवण आणि औषधे शेतावर पोहोचत होती. आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचारी रोज फेरी मारत होते. पुढचा दीड महिना गावात नवा रुग्ण आढळला नाही. भोसीने कोरियाचे नाव घेतले नव्हते, की कोणत्या अहवालाचे. पण भूमिहीन माणूस कुठे राहील आणि काय खाईल, एवढे मात्र त्यांनी नियम करण्याआधी विचारले.

पुढच्या साथीआधी

जगभरच्या सरकारांनी मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत साथविषयक करार मंजूर केला. लशी आणि औषधे देशादेशांत कशी वाटायची, याची चर्चा त्यात आहे आणि ती हवीच. पण ताडकळसमधल्या पत्र्याच्या खोलीतल्या माणसासाठीचा करार मुंबईत आणि दिल्लीतच व्हायला हवा.

त्यात तीन-चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, १८९७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा यावा आणि विलगीकरणाच्या प्रत्येक दिवसाची किमान मजुरी हा त्यात हक्क असावा. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी करणाऱ्या राज्याला हे अवघड वाटू नये. काम नसताना हाताला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानले, तर समाजाच्या भल्यासाठी घरी थांबवलेल्या हाताचीही जबाबदारी तितकीच येते. दुसरी, माणूस असेल तिथे शिधा मिळावा. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय आता आहे. ती ऊसतोडीच्या फडावर आणि वीटभट्टीवर खरोखर चालते का, हे साथ नसतानाच तपासून पाहावे. तिसरी, प्रत्येक ग्रामपंचायतीकडे जागांची यादी तयार असावी : शाळा, मंगल कार्यालय, कोणाचे रिकामे आखाडे, आणि तिथे पाणी, संडास व दिवाबत्ती आहे का याची नोंद.

चौथी गोष्ट आशा सेविकांची. हजार वस्तीमागे एक, असे त्यांचे प्रमाण. घरोघरी जाऊन ताप मोजणे, रुग्ण शोधणे, लोकांना तपासणीसाठी तयार करणे हे काम त्यांनीच केले. त्याच आशांना वाढीव मानधनासाठी जून २०२१ मध्ये, म्हणजे साथ चालू असताना, राज्यभर संप करावा लागला. दारात येणाऱ्या बाईच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते, म्हणून नियम पाळले जातात. तिच्या हातात नुसती नोटीस देऊन पाठवायचे की शिध्याची चिठ्ठी आणि मजुरीची हमीही द्यायची, हे सरकारने आधी ठरवायला हवे.

अशा व्यवस्थेला पैसा लागेल, यात शंका नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याची मुदत २०२५ होती. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. पण खर्च टाळल्याने तो वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या खिशातून जातो. कोरोनात परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. गंभीर रुग्णाला घेऊन नांदेड-औरंगाबाद गाठताना नातेवाइकांनी काय-काय विकले, गहाण टाकले, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. मजुराला चौदा दिवसांची मजुरी देणे त्या तुलनेत स्वस्त आहे.

पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हाही पहिला सल्ला मात्र हाच असेल : आजारी असाल तर वेगळे राहा. आखाडा असलेल्या घराला तो सल्ला तेव्हाही पुरेल. पत्र्याच्या खोलीतल्या घराला तो पाळता यावा, याची तयारी आज करायची आहे.